करड्या पिल्लाचा हिशेब

प्रस्तावना

दोन पांढऱ्यांच्या पोटी करडे पिल्लू आले, आणि माझ्या भाचीला वाटले की आपल्याला फसवले.

भाची अमेरिकेत, डॅलसजवळ राहते. नोकरी संगणकाची, हौस प्राण्यांची. तिने शुगर ग्लायडरची जोडी घेतली. नर पांढराशुभ्र, डोळे काळ्या मण्यांसारखे. मादीही पांढरी, पण डोळे लाल. दोन्ही दुर्मीळ रंगाचे म्हणून साध्या करड्या ग्लायडरच्या कितीतरी पट पैसे मोजलेले. मादीची पिशवी फुगलेली दिसली तेव्हापासून ती दिवस मोजत होती. पिल्लू बाहेर आले ते सरळ करडे, नाकापासून पाठीवर काळी रेघ ओढलेले, रानातल्या ग्लायडरसारखे. इकडे रात्रीचे अकरा वाजले होते तेव्हा फोन आला.

"मामा, तू आयुष्यभर आनुवंशिकी शिकवलीस ना? मग सांग, पांढऱ्यात पांढरा मिसळून करडा कसा होतो? विकणाऱ्याने वंशावळच खोटी दिली असणार."

मी विचारले, "दोघांचे डोळे सारखे आहेत का?"

"नाहीत. पण डोळ्यांचा इथे काय संबंध?"

सगळा संबंध डोळ्यांचाच होता. कोल्हापुरातल्या कॉलेजात मी वर्षानुवर्षे फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढले. गोल-सुरकुतलेले, हिरवे-पिवळे, आणि शेवटी ९:३:३:१. मुले ते गुणोत्तर पाठ करत आणि परीक्षेनंतर विसरत. इतक्या वर्षांत इतका जिवंत, इतका कळकळीचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या रात्रीचे उत्तर लांबत गेले, पुढे ते पत्रांत उतरले, आणि त्या पत्रांचे हे छोटे पुस्तक झाले.

उत्तर असे होते. भिंत पांढरी राहण्याची कारणे दोन असू शकतात. एका घरात रंगारी आलाच नाही. दुसऱ्या घरात रंगारी आला, पण त्याच्या डब्यात रंगच नाही. दोन्ही भिंती पांढऱ्याच दिसतात. काळ्या डोळ्यांचा पांढरा ग्लायडर, ज्याला ल्युसिस्टिक म्हणतात, तो पहिल्या घरासारखा. केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून प्रवास करून कातडीत पोचतात. त्या पोचल्या नाहीत तर केस पांढरे. डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर मात्र वेगळ्या पेशींचा, डोळ्याच्या जागीच तयार होणारा. तो शाबूत राहतो, म्हणून डोळे काळे. लाल डोळ्यांचा अल्बिनो हा दुसऱ्या घरासारखा. रंगपेशी जागेवर आहेत, पण मेलॅनिन बनवण्याची साखळी तुटलेली. त्यामुळे केस पांढरे, आणि डोळ्यातही रंग नसल्याने आतले रक्त लाल दिसते.

आता जोडी पाहा. दोन वेगळे बिघाड, दोन वेगळ्या जनुकांत. बापाने पिल्लाला रंगाऱ्याचा बिघाड दिला, पण भरलेला डबा दिला. आईने रिकामा डबा दिला, पण रंगारी दिला. दोन्ही बिघाड अप्रभावी, म्हणजे एकच प्रत असेल तर दुसरी चांगली प्रत काम भागवते. पिल्लाकडे रंगारी आहे, रंगही आहे. ते करडे झाले नसते तरच वंशावळीवर संशय घ्यायचा. विकणारा प्रामाणिक होता. भाचीने त्याला लिहिलेले रागाचे पत्र पाठवले नव्हते, हे नशीब.

ज्या प्राण्याचे हे पुस्तक आहे त्याची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण आपल्याकडे त्याला बिनदिक्कत 'उडती खार' म्हणतात. पुण्या-मुंबईत हौशी लोकांच्या घरी तो आता दिसू लागला आहे, आणि विकणारेही तेच नाव सांगतात. सह्याद्रीतली उडती खार ही खरोखरची खार, कृंतक गणातली, आणि कायद्याने संरक्षित. तिला घरात ठेवणे गुन्हा आहे. शुगर ग्लायडर हा कांगारूच्या गोतावळ्यातला शिशुधान प्राणी, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेली कातडी पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे साधली, एवढेच साम्य. वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम. झाडांचा गोड रस, डिंक, फुलांतला मध आणि किडे हे त्याचे खाणे. साखरेचे नाव त्या गोड खाण्यावरून पडले. तो रात्री जागतो, टोळीने राहतो. वयात आलेल्या नराच्या कपाळावर केस गळून टक्कल पडते. ती गंधग्रंथी आहे, रोग नव्हे. तिथला वास टोळीतल्या सगळ्यांना चोळून तो आपली माणसे ओळखतो.

शास्त्रीय नाव पेटॉरस ब्रेव्हिसेप्स. पण २०२० साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवून दिले की या एका नावाखाली ऑस्ट्रेलियात निदान तीन जाती राहतात. त्याआधी २०१९ साली जनुकीय तपासणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली होती. अमेरिकेतल्या घरांत वाढणाऱ्या ग्लायडरांचे पूर्वज ऑस्ट्रेलियातले नाहीत, ते इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआमधल्या सोरोंग परिसरातून आलेले आहेत. याचा अर्थ असा की अमेरिकेतले लाखमोलाचे पांढरे, प्लॅटिनम, मोझाइक सगळे जंगलाच्या एका कोपऱ्यातून आलेल्या मोजक्या कुळांचे वंशज. पुढच्या प्रकरणांत नात्यातल्या जोड्यांविषयी मी पुन्हा पुन्हा बोलतो, त्याचे मूळ इथे आहे.

आता रंग. प्राण्यांच्या रंगांना नावे देण्याची हौस आपल्याला नवी नाही. देवणी गाईबैलांत अंगभर पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके तो शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. चारी पाय आणि तोंड पांढरे असलेला घोडा पंचकल्याणी. अमेरिकन ब्रीडरांनीही अशीच नावे पाडली. रानातला मूळ करडा तो स्टँडर्ड ग्रे. कानाखालची काळी पट्टी नाही तो व्हाइट फेस. फिकट रुपेरी तो प्लॅटिनम. मलईच्या रंगाचा, गडद माणकासारख्या डोळ्यांचा तो क्रीमिनो. अंगावर कुठेही, कसेही पांढरे पट्टे-ठिपके पडलेला तो मोझाइक. पण बालंक्या काय आणि प्लॅटिनम काय, ही नावे दिसण्याची आहेत, वारशाची नाहीत. शाळेच्या पुस्तकातला स्वरूपविध आणि जनुकविध यांतला फरक तो हाच, आणि या छंदातला निम्मा घोटाळा तो विसरल्याने होतो.

वारशाच्या बाजूने पाहिले तर यादी वेगळीच लागते. व्हाइट फेस आणि मोझाइक प्रभावी, म्हणजे एका पालकाकडून एक प्रत मिळाली तरी रंग दिसतो. ल्युसिस्टिक, अल्बिनो, क्रीमिनो अप्रभावी, म्हणजे दोन्हीकडून प्रत मिळाल्याशिवाय दिसत नाहीत. प्लॅटिनमची गंमत आणखी वेगळी. करड्यासमोर तो दबतो, ल्युसिस्टिकसमोर वर येतो. जोड्यांच्या नोंदी पाहता हे दोन रंग म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपे आहेत असे ब्रीडर धरतात, म्हणून एक प्रत याची आणि एक त्याची असलेला प्राणी प्लॅटिनमच दिसतो. घरातल्या थोरल्या-मधल्या-धाकट्या जावांसारखी ही उतरंड आहे. मधलीचा आवाज थोरलीपुढे निघत नाही, धाकटीपुढे मात्र खणखणीत. कॅरॅमल नावाचा प्रकार तर खरे म्हणजे रंगच नाही. तो वेगळ्या मुलखातून आलेला वंश आहे. त्याची साध्या करड्याशी जोडी लावली तर पुढची पिढी वांझ निघते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. रंग समजून लावलेली जोडी इथे जातीची सरहद्द ओलांडत असते.

ही सगळी माहिती आली कुठून? प्रयोगशाळेने या प्राण्याकडे पाहिले ते मुख्यतः त्याच्या पडद्यासाठी. अंगाच्या बाजूची ती कातडी घडवण्यात ईएमएक्स२ या जनुकाचा हात असल्याचे २०२४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. रंगांचे नियम मात्र ब्रीडरांच्या वहीतून आले. कोणाची जोडी कोणाशी, किती पिल्ले, कोणत्या रंगाची. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. या छंदातली वंशावळीची वही तेच काम करते. ती नसेल तर रंगाबद्दलचे कोणतेही विधान म्हणजे बाजारगप्पा.

वही कशी बोलते त्याचे एक उदाहरण इथेच देतो. समजा एक करडा नर आहे. त्याचे आईबाप दोघेही करडे, पण दोघांतही ल्युसिस्टिकची एकेक प्रत दडलेली. अशा जोडीची चारपैकी सरासरी तीन पिल्ले करडी होतात, आणि त्या तिघांपैकी दोघे वाहक असतात. म्हणून हा नर '६६ टक्के हेट' (हेट म्हणजे वाहक) या नावाने विकला जातो. घेणाऱ्याला वाटते, याच्या अंगात ६६ टक्के पांढरेपण आहे. तसे काही नसते. ती प्रत त्याच्यात एकतर आहे, नाहीतर नाही. ६६ हा आकडा त्याच्या रक्ताचा नाही, आपल्या अज्ञानाचा आहे.

अज्ञान कमी करायचा मार्ग म्हणजे त्याची जोडी ल्युसिस्टिक मादीशी लावून पिल्ले पाहणे. पहिले पिल्लू करडे निघाले की तो वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २ वरून २ पैकी १ वर येते. दुसरेही करडे, तर ३ पैकी १. तिसऱ्यानंतर ५ पैकी १, चौथ्यानंतर ९ पैकी १. आणि कधीही एकच पांढरे पिल्लू निघाले की सगळे हिशेब संपले, नर वाहक आहे हे ठरले. मात्र मादीला एका वेळी एक किंवा दोनच पिल्ले होतात, त्यामुळे ही चार उत्तरे मिळवायला बरेच महिने जातात. या छोट्या वेतांमुळेच उलटी फसगतही होते. दोन खात्रीच्या वाहकांची चारच्या चार पिल्ले करडी निघण्याची शक्यता २५६ पैकी ८१ आहे, जवळजवळ तिनात एक. 'चार झाली, एकही पांढरे नाही, म्हणजे विकणाऱ्याने गंडवले' असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी हा हिशेब आधी वाचावा.

शिशुधान प्राणी असल्याने ग्लायडरचे काही हिशेब कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे पडतात. गर्भ पोटात राहतो तो जेमतेम १६ दिवस. जन्मलेले पिल्लू एका ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याचे, आंधळे, बिनकेसांचे. ते स्वतः सरपटत पिशवीत शिरते आणि सुमारे ७० दिवस स्तनाग्र धरून तिथेच वाढते. खरी जन्मवेळ कोणाला दिसत नाही, म्हणून पिल्लू पिशवीबाहेर आल्याच्या दिवसापासून त्याचे वय मोजतात. रंग पक्का कळायला त्याच्याही पुढे थांबावे लागते.

दुसरा फरक गुणसूत्रांचा आहे. तिरंगी मांजर बहुतेक वेळा मादीच असते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. तिच्या अंगातल्या काही पेशी आईकडचे एक्स गुणसूत्र झाकून ठेवतात, काही बापाकडचे, आणि त्यातून काळे-पिवळे ठिपके पडतात. कांगारूंवरच्या अभ्यासातून १९७१ साली पुढे आले की शिशुधान प्राण्यांच्या माद्यांत ही निवड नसते, बापाकडूनच आलेले एक्स झाकले जाते. म्हणजे मांजरीच्या वाटेने ग्लायडर तिरंगी होणे नाही. मोझाइकचे ठिपके नरांतही तितकेच दिसतात. मांजरांच्या पुस्तकातले नियम जसेच्या तसे इकडे आणू नयेत, ते यासाठी.

इथवर हा विषय बुद्धिबळाच्या डावासारखा सुंदर वाटतो. पण डावातली प्यादी जिवंत आहेत, आणि रंगाची किंमत बऱ्याचदा रंगाबाहेर मोजावी लागते. फ्रान्समध्ये क्युएनो या प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांच्या रंगांना मेंडेलचे नियम लागू करून पाहिले. एक पिवळा रंग त्याला काही केल्या शुद्ध वाणाचा मिळेना. पिवळ्याशी पिवळ्याची जोडी लावली तरी दर वेळी काही पिल्ले वेगळ्या रंगाची निघतच. पुढे १९१० साली कॅसल आणि लिटल यांनी उलगडा केला. ज्या गर्भाला पिवळ्याच्या दोन्ही प्रती मिळतात तो जन्मापूर्वीच मरतो. तोच जनुक एका प्रतीत रंग देतो आणि दोन प्रतींत जीव घेतो. ग्लायडरांत मोझाइकच्या काही वंशांतले नर वांझ निघतात, हे ब्रीडर अनुभवाने जाणतात. ठिपके आणि वांझपण यांची गाठ कुठेतरी एकत्र पडलेली आहे.

अप्रभावी रंगाची किंमत अजून वेगळ्या वाटेने येते, आणि ती गोष्ट आपल्या देशातली आहे. १९५१ साली रीव्याच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. बेगम नावाच्या साध्या वाघिणीपासून त्याला बछडे झाले, सगळे पिवळे. मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली, आणि १९५८ साली पांढरे बछडे जन्मले. त्यांतली मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली. जगभरच्या पिंजऱ्यांतले पांढरे वाघ बहुतांशी याच कुळाचे. तो रंग एका जनुकातल्या एका बारीक बदलाने आला, हे २०१३ साली कळले. पण तो टिकवण्यासाठी बापलेकी आणि भाऊबहिणी यांच्या जोड्या लागत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर दडलेले दुसरे दोषही जोडीने वर आले. पांढऱ्या वाघांचा तिरळेपणा तर त्या रंगालाच चिकटलेला आहे, कारण डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाट बदलते.

सख्ख्या भावंडांच्या पिल्लात दर चार जनुकांमागे सरासरी एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या पिल्लात हे प्रमाण आठात एक, मामेभाऊ-आतेबहिणींच्या मुलांत सोळात एक. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या मुलखातल्या वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. एका कोपऱ्यातून आलेल्या मोजक्या कुळांच्या ग्लायडरांत पांढऱ्याला पांढरा शोधताना माणूस नकळत त्याच घरात फिरून येतो. पाच पिढ्यांची वंशावळ पाहिल्याशिवाय जोडी लावू नये, हे या पुस्तकातले सर्वांत कंटाळवाणे वाक्य आहे आणि सर्वांत महत्त्वाचेही.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याला आधीच सांगतो. नवे रंग घडवण्याची कृती शोधत असाल तर पानोपानी अडाल. आनुवंशिकी इथे मी शिकवली आहे ती मुख्यतः जोडी नाकारता यावी म्हणून. कोणता आकडा फसवा आहे, कोणता रंग कशाशी बांधलेला आहे, कोणते दोन देखणे प्राणी एकत्र आणू नयेत, हे कळण्यासाठी.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात रंग कसा तयार होतो ते, समीकरणांशिवाय. दुसऱ्यात एकेका रंगाचा वारसा आणि जोड्यांचे तक्ते. वाचकाने इथे वही-पेन्सिल घेऊन बसावे, नुसते वाचून हा भाग डोक्यात शिरत नाही. तिसऱ्यात वंशावळीची वही कशी ठेवावी, नातेसंबंधाचा आकडा कसा काढावा, आणि नराची नसबंदी करून टोळी सुखात कशी ठेवावी. आहार आणि आजारपण यांवर इथे काही नाही. तो प्राण्यांच्या डॉक्टरांचा प्रांत आहे. प्राणी घ्यायच्या आधी आपल्या गावचा कायदाही पाहावा. अमेरिकेतच कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत ग्लायडर पाळायला बंदी आहे.

तक्ते तपासताना माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी चुका काढल्या, त्यांचे आभार. उरल्या असतील त्या माझ्या. भाचीचे आभार मानले तर ती रागवेल, पण तिच्या प्रश्नाशिवाय हे लिहून झाले नसते.

त्या करड्या पिल्लाविषयी वाचक विचारतीलच, म्हणून सांगतो. त्याच्यात ल्युसिस्टिक आणि अल्बिनो दोन्हींची एकेक प्रत आहे, आणि त्या जोरावर त्याला चांगली किंमत आली असती. भाचीने दोन्हीकडची वंशावळ काढून पाहिली. तिसऱ्या पिढीत एकच नर दोन्ही बाजूंना निघाला. तिने पिल्लाची नसबंदी करून घेतली. ते आजही तिच्याकडेच आहे, आणि पहिल्या जोडीपासून पुढे पिल्ले घेतली नाहीत. वाचकाला विनंती एवढीच, की दुसऱ्या भागातले तक्ते वाचण्याआधी आपल्याकडच्या प्राण्यांची वंशावळ एका कागदावर लिहून काढावी. ती लिहिता येत नसेल, तर दुसऱ्या भागाची गरज पडणार नाही.